ओलं दप्तर

दिवाळी अंकासाठी दिलेली माझी कथा संपादक नाडगौडांनी शेवटच्या पानावर उघडली.

“बाई, विहिरीत पडलेली पोर ओलं दप्तर पिळत घरी येते? कोणाला पटणार? मरू द्या तिला.”

“तेवढं पान राहू द्या ना, सर.”

“जीव अडकलाय तुमचा त्यात, म्हणूनच कापायचं,” म्हणत त्यांनी लाल पेन पुढे केलं. त्यांच्याकडे काट लेखकानेच मारायची असे.

त्या पानासाठी मी आधीची अकरा लिहिली होती. सहा वर्षांत माझी चिनू फक्त त्याच पानावर घरी आली होती.

मी रेघ मारली.

“मग दप्तराचं काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“ते काठावर सापडलं. कोरडं.”

“वा!” ते खूश झाले. “हे कसं सुचलं तुम्हाला?”