सूर्यभानकाकांची डिक्की

प्राजक्ता मांडीवर फुटबॉल घेऊन बसली होती, कारण सूर्यभानकाकांच्या गाडीची डिक्की उघडत नव्हती. ती कधीच उघडत नसे. दरवर्षी अमरावतीहून अकोल्याला मॅचला जाताना पाण्याची कॅन कुणाच्या तरी पायांत आणि बुटांची पिशवी कुणाच्या तरी कुशीत. तिचे बाबा, नर्सरीवाले केशवराव, घरी परतले की पाय चोळत सांगायचे, सूर्यभान एवढा मोठा ठेकेदार, पण एक डिक्की दुरुस्त करायला त्याचा जीव जातो.

दिवाळीनंतर बाबा गेले. बॉल टीमला देऊन टाकायचा आणि मॅच संपेपर्यंत सावलीत बसायचं, एवढंच ठरवून ती निघाली होती.

ही टीमच मुळात त्या बॉलपायी झाली. गणपती मंडळाच्या सोडतीत केशवरावांना फुटबॉल लागला. पहिलं बक्षीस मिक्सर होतं आणि आई अजून त्या मिक्सरसाठी हळहळते. फुटबॉल लागला म्हटल्यावर खेळणं आलं. केशवरावांनी सकाळी फिरायला येणारे गडी गोळा केले. हरवायला कुणीतरी हवं म्हणून अकोल्याच्या मेव्हण्याला, जीवनमामाला, टीम काढायला लावली. वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं नारिंगी जर्सी दिल्या. पहिल्याच दिवशी दोन नियम ठरले. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घालायची. आणि ज्याचा बॉल, त्याला हवी ती जागा.

केशवरावांनी गोल मागून घेतला. तिथं धावावं लागत नाही.

तेव्हापासून अमरावती एकदाही जिंकली नाही. कलमांचे काटे लागू नयेत म्हणून नर्सरीत घालायचे ते हातमोजे घालून केशवराव उभे राहत आणि येणाऱ्या बॉलला पाहुण्यासारखी वाट करून देत. अकोलेकर रोडगे भाजून भाजून जिंकण्याला कंटाळले होते.

आई दरवर्षी म्हणायची, तुमचा बॉल आहे म्हणून खेळवतात तुम्हाला, नाहीतर दारात उभं केलं नसतं. बाबा हसायचे. म्हणायचे, मग काय झालं, बॉल तर आहे ना आपला. त्या हसण्याखाली काय होतं, हे प्राजक्ताला कधी कळलं नाही. आता विचारायची सोय नव्हती. इतकी वर्षं या लोकांनी बाबांना हवं म्हणून घेतलं की बॉलपायी सोसलं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. पण असलं कुणाला विचारतात का?

मैदानावर उतरल्यावर तिनं बॉल सूर्यभानकाकांपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतले. बॉल तुझा तर जागाही तुझी, म्हणाले, नियम म्हणजे नियम. आपण जन्मात कधी खेळलो नाही, असं तिनं सांगून पाहिलं.

“बाप तरी कुठं खेळला होता तुहा?” टीममधले बंडूकाका म्हणाले.

सगळे हसले. तीही हसली, आणि पिशवीतले बाबांचे हातमोजे काढून गोलात जाऊन उभी राहिली. म्हणजे आईचंच खरं, तिच्या मनात आलं. बॉल आहे तर जागा आहे.

शिट्टी झाली. जीवनमामानं लांबून बॉल टोलवला. तो उंच गेला, भाचीच्या पुढ्यात येऊन आपटला आणि फुस्स करून तिथंच बसला. त्याच्या पोटात बाभळीचा काटा होता.

“काटे वेचले नाई काहून?” मामानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मॅचच्या आधी सगळे हातपाय झटकत असताना केशवराव एकटेच मान खाली घालून मैदानभर फिरायचे. काटे वेचून रुमालात ठेवायचे. त्यांना ते काम कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते गेल्यावर दुसऱ्या कुणाला सांगायचंही कुणाला सुचलं नाही. बंडूकाका कमरेत वाकले आणि पायाशी दिसलेला एक काटा उचलून हातात धरून राहिले. तो टाकावा कुठं, हे त्यांना उमगेना.

प्राजक्तानं हातमोजे काढायला घेतले. बॉल गेला, जागा गेली.

सूर्यभानकाका गाडीकडे निघाले. रोडगे बुडाले, अकोलेकरांतलं कुणीतरी पुटपुटलं. काकांनी मागच्या बाजूला जाऊन अंगठ्यानं खटका दाबला. डिक्की अलगद उघडली.

प्राजक्ता चालत गाडीपर्यंत गेली. आत फुटबॉल होते. एकावर एक, जाळीच्या पिशव्यांमध्ये, कुठे कुठे दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. वरचा कोरा करकरीत होता. खालचे वर्षानुवर्षं न खेळता हवा जाऊन सुकल्या संत्र्यांसारखे बसले होते. एकालाही माती लागलेली नव्हती. मागे येऊन उभे राहिलेले नारिंगी जर्सीवाले इकडेतिकडे बघत होते. कुणालाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

काकांनी वरचा बॉल उचलून तिच्याकडे फेकला. तो तिच्या हातांतून निसटून मागे गेला.

“घाल ते हातमोजे,” काका म्हणाले. “गोलात तूच राहशील.”

“काका, डिक्की तर उघडत नव्हती ना?”

सूर्यभानकाकांनी डिक्की लावली. पुन्हा एकदा उघडली. पुन्हा लावली.

“तुहा बाप होता तवर नव्हती उघडत.”