पूजेतला हायलायटर

दसऱ्याला शारजाच्या फ्लॅटमध्ये मी पाटावर लेकीची पुस्तकं, लॅपटॉप आणि दप्तरातला गुलाबी हायलायटर मांडून हळदकुंकू वाहिलं. पंधरा वर्षांची इरा उठली आणि पाट पाहून पांढरीफटक पडली. “आई, तेवढा हायलायटर दे ना.” “पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं नसतं, बाळा.” दुपारपर्यंत ती पाटाभोवती घिरट्या घालत राहिली. “प्लीज, आई, आय कान्ट!” शेवटी तिने झडप घालून तो उचलला, देवासमोरच तोंडाला लावून झुरका घेतला. वाफेबरोबर आंब्याचा वास पसरला. “हे व्हेप आहे? ई-सिगारेट?” मी किंचाळले. “इट्स जस्ट मँगो! इन्स्टावरची इन्फ्लुएन्सर रोज ओढते. पहिलं तिनेच फ्री पाठवलं.” “टाकून दे, इरा. पाया पडते तुझ्या!” “आय ट्राइड, आई. होत नाही.” रडत तिने पुन्हा ओढलं. तिच्या ओठांना मी वाहिलेलं कुंकू लागलं होतं.