तेरा प्लेट, सतरा प्लेट

"तेरा प्लेटची पुरते. मोठी कायले पाहिजे?" भोजराज मालगुजार दुकानाच्या बाकावरून दुसऱ्यांदा म्हणाले.

त्यांचा ड्रायव्हर उदाराम खाली उकिडवा बसला होता. समोर मांडलेल्या दोन बॅटऱ्यांना तो आपली गाठी मारलेली सुतळी लावून पाहत होता. गाडीतल्या पेटीचं माप त्यानं गावाहूनच घेतलं होतं. दोन्ही बॅटऱ्या सहा व्होल्टच्या, दोन्ही पेटीत बसणाऱ्या.

"फरक इतना ही है," गोंदियाचा तो दुकानदार, श्यामलाल, म्हणाला. "इसमें तेरह प्लेट, उसमें सतरह. छोटीवाली बत्ती जलाएगी, हॉर्न बजाएगी. पर ठंड की सुबह सेल्फ मारोगे तो इंजन नहीं घूमेगा. हॅण्डल ही मारना पड़ेगा."

हॅण्डल! सगळं घोडं तिथंच तर पेंड खात होतं.

मालकांचा मुलगा टेकचंद नागपूरच्या कॉलेजातून मोटार शिकून आला होता. चालवायचा झकास, पण हॅण्डल मारायचं म्हटलं की बोंब. जुनी बॅटरी मेल्यापासून गाडी पुढून लोखंडी हॅण्डल फिरवूनच सुरू व्हायची. परवा हॅण्डलनं उलटा फटका दिला आणि पोराचं मनगट टम्म सुजलं. मग काय विचारता! त्याची आई निर्मलाबाई कडाडल्या, "नवी बॅटरी आणा. सेल्फ चालला की टेकू गाडी पाहून घेईल. मंग ड्रायव्हर कायले ठेवाचा? उदारामले बैलाईच्या कोठ्यावर धाडा."

निर्मलाबाईंपुढे मालगुजारांचीही मात्रा चालत नसे. ते नुसतं "बरं" म्हणाले. चौदा वर्षांची चाकरी आणि एक "बरं"! उदारामच्या ते फार जिव्हारी लागलं.

गाडी आली तेव्हा तो मालकांचा छकडा हाकत होता. बैल सोडून त्यानं स्टिअरिंग धरलं. टेकू त्याच्याच मांडीवर बसून हॉर्न वाजवत मोठा झाला. आता पुन्हा बैलच नशिबी.

पण लहान बॅटरी घेतली तर? मालक स्वतःच घे म्हणत होते. पौषात सेल्फ फिरणार नाही, टेकू काका-काका करत येईल आणि उदारामची जागा शाबूत राहील. कुणाच्या बापाला कळणार होतं?

उदारामनं सुतळीची गुंडाळी केली. डोळ्यांसमोर ते सुजलेलं मनगट आलं. काही झालं तरी आपलंच पोर ते.

"मोठीच घ्या जी, मालक," तो म्हणाला. "टेकूदादा थंडीत देवरीच्या जंगलात अडकला अन् त्या हातानं हॅण्डल मारून राहिला, तं? मले अन्न गोड नाही लागायचं."

"तुले कोणी विचारलं?" मालक खेकसले. "लहान घे म्हणतो ना!"

"गाडी माह्या हाती हाय तवरक बॅटरी मीच पसंत करीन जी."

श्यामलाल हसला. "मालिक, ऐसा ड्राइवर किस्मत से मिलता है."

"किस्मत कायची! कर्म फुटलं माहं!" मालकांनी मोठी बॅटरी घेतली आणि गावापर्यंत चकार शब्द काढला नाही. चार प्लेटांसाठी माणूस एवढं तोंड फुगवतो, याचं उदारामला नवल वाटलं.

संध्याकाळी त्यानं बॅटरी बसवली, नट आवळले आणि सेल्फ मारला. इंजन एका झटक्यात गरजलं. निर्मलाबाईंनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. उदारामनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं स्टिअरिंग पुसलं, मग त्याच दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि कोठ्याकडे जाऊन बैलांना चारा टाकला.

सकाळी अख्खं घर अंगणात जमलं. टेकचंद ऐटीत बसला आणि त्यानं सेल्फ दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. काही नाही.

"सतरा प्लेटची आणली म्हणे!" निर्मलाबाई फणकारल्या. "उदाराम, कोनती भंगार उचलून आणली रे?"

उदाराम गाडीकडे धावला. आपण चुकलो? त्यानं घाईघाईनं बॉनेट उघडलं. बत्त्या तर लख्ख पेटत होत्या. बॅटरीपासून सेल्फकडे जाणाऱ्या जाड तारेवरून त्यानं बोट फिरवत नेलं. पलीकडचं टोक मोकळंच लोंबत होतं आणि काल स्वतःच्या हातानं आवळलेला नट जागेवर नव्हता.

तो मान वर करून ओरडणार, तोच मालक धोतराचा सोगा सावरत आले आणि बॉनेटखाली त्याच्या शेजारी वाकले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

"नट माह्या पानाच्या डब्यात हाय," ते त्याच्या कानाशी पुटपुटले. "बोंबलू नोको. हॅण्डल मार."