मनातला साहेब

शाळेत घरची बोली तोंडून निघाली म्हणून आईने लहानपणी इतका मार खाल्ला होता, की पुढे तिने पोटच्या लेकीलाही साहेबाच्याच भाषेत वाढवलं. शिवणकाम करणाऱ्या लेकीला ती सल कायमची होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत 'मनातला साहेब घालवूया' असा मेळावा भरतो हे कळलं, तशी ती दुकान बंद ठेवून आईला तिथे घेऊन गेली.

खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या आणि मधे टिश्यूचा डबा ठेवला होता. मेळावा घेणाऱ्या बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "आजी, ही सुरक्षित जागा आहे. मनात असेल ते बोला. इथे तुम्हाला कुणी अडवणार नाही."

चाचरत, अडखळत आई आपल्या बोलीत बोलू लागली. आईचा खरा आवाज असा आहे, हे लेकीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात बाईंनी आईच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला. "किती गोड, आजी. पण सगळ्यांना येते त्याच भाषेत बोलूया ना?"

आई झटकन उभी राहिली. हात मागे बांधून, मान खाली घालून ती साहेबाच्या भाषेत म्हणाली, "चुकले, बाई. पुन्हा नाही बोलणार."





आणि आजींचं बोलणं एकदाचं कळलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.