आपल्या मुलखाचं नाव

माळ्यावरून एक कांदा घरंगळला, शिडीच्या पायऱ्यांवर टप टप आपटत खाली आला आणि चुलीपाशी येऊन थांबला.

धिरडं उलटता उलटता सोआझिगचा हात थांबला. दोन दिवस घरात सगळे कुजबुजत होते. एवढ्याशा आवाजानंही धस्स व्हायचं. वर, कांद्यांच्या माळांमागे जर्मनांपासून एक माणूस लपला होता. इंग्रज वैमानिक. निदान तो तसं म्हणत होता. परवा सकाळी तो गोठ्यात सापडला. ओलाचिंब, लंगडणारा. त्याला ओळखीच्या कुणीच पाठवलं नव्हतं, आपला आपणच आला होता.

"काटेल! कुठे आहेस गं?"

"आले!" तिची पाच वर्षांची लेक मागल्या दारानं धावत आली. केसांत कांद्याची सालं. पण सप्टेंबरात, कांद्याच्या हंगामात, रॉस्कॉफमध्ये कुणाच्या केसांत ती नसतात?

"काय चाललं होतं?"

"शाळा घेत होते."

सोआझिग हसली. या वर्षी काटेलचं नाव शाळेत घालायचं होतं. तिथं पोर फ्रेंच सोडून घरची ब्रेटन भाषा बोललं की गळ्यात लाकडी बूट अडकवत. आजोबांच्या गळ्यात तो पडला होता, सोआझिगच्याही. काटेलनं ही गोष्ट ऐकली आणि आपला लहान झालेला बूट कांद्याच्या सुतळीत ओवला. तिच्या शाळेत उलटा कायदा होता. आपलं सोडून परकं बोलेल, त्याच्या गळ्यात बूट.

"आज कुणाला शिक्षा?"

"आहे एक ढ," काटेल धिरड्याचा तुकडा तोडत म्हणाली. "पण आता सुधारणा आहे."

सोआझिग ताटली घेऊन वर गेली. लहानपणी आठ उन्हाळे ती वडिलांबरोबर प्लिमथला दारोदार कांदे विकत हिंडली होती. इंग्रजी तिला तिथल्या स्वयंपाकघरांच्या उंबऱ्यांवर आलं होतं. त्यामुळे त्या वैमानिकाशी, जॉर्जशी, बोलणं तिच्याच वाट्याला यायचं.

"आज जेवणाचा वास खालूनच येत होता," तो म्हणाला. मग छपराच्या खिडकीतून शेतांकडे बघत राहिला. "लढाई संपली ना, की बायकोला घेऊन मी परत येईन." तो अडखळला. तिच्याकडे बघून हसला. "ब्रेझला."

बाकी सगळं वाक्य इंग्रजी. तो एकच शब्द घरच्या भाषेतला, ब्रिटनीचं घरचं नाव.

सोआझिगही हसली. रिकामी ताटली उचलून सावकाश शिडी उतरली. खाली आल्यावर मात्र ताटली चुलीपाशी टाकून ती तडक बाहेर गेली.

फान्श, तिचे वडील, अंगणात जाळं शिवत होते.

"बाबा, तो ब्रेझ म्हणाला."

"आपल्या भाषेत बोलत होता?"

"नाही. इंग्रजीत."

म्हाताऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं. "तीस वर्षं इंग्रजांना कांदे विकले मी. पाद्री झाले, पोलीस झाले, दारुडे झाले. एकाच्या तोंडून ऐकलं नाही. ब्रिटनी. नेहमी ब्रिटनी."

"ठाऊक आहे मला."

"मग याला कुणी शिकवलं? आपल्यातलीच काही कार्टी जर्मनांच्या पंगतीला बसतात, त्यांनी. त्यांच्यात राहून जिभेला सवय लागली आणि आता निसटलं."

शेजारच्या गावात मागच्या महिन्यात असाच एक 'वैमानिक' आला होता. आठवडाभर जेवला, आणि मग जर्मनांची गाडी आली. त्याला आसरा देणाऱ्या नवरा-बायकोला चर्चच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. त्यांच्या दोन मुली कुठे नेल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्याला नीट विचारून बघू का?" सोआझिगनं विचारलं.

"विचारलंस की सावध होईल. मग उद्या काटेल कुठे असेल, पोरी?"

काटेल विहिरीपाशी कोंबडीला दटावत होती. सोआझिगनं तिच्याकडे पाहिलं. पोरीचा बाप जर्मनीत कैदेत होता. तिला आई आणि आजोबांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"धुकं आहे," ती म्हणाली. "शेवाळ आणायला समुद्रात जायचा परवाना आहे ना तुमच्याकडे?"

फान्शनं मान हलवली. नांगराच्या दगडाशेजारी त्यांनी आणखी एक दगड होडीत ठेवला.

इंग्लंडला नेणारी होडी आली, असं तिनं जॉर्जला सांगितलं. संशय नको म्हणून पाव आणि चीज फडक्यात बांधून दिलं. त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिनं ते लगेच सोडवले नाहीत.

दुपारच्या आत फान्श परतले. होडीत शेवाळ होतं. दुसरा दगड नव्हता.

"काही बोलला?"

"पाव अर्धा तोडून मला दिला." ते हौदाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

मागमूस राहू नये म्हणून सोआझिग माळ्यावर चढली. गवत उलटंपालटं केलं, घोंगडी झटकली. त्यातून काहीतरी ठक्कन पडलं.

कांद्याच्या सुतळीत ओवलेला इवलासा लाकडी बूट.

ती तो हातात धरूनच खाली आली. काटेल पायरीवर बाहुली घेऊन बसली होती.

"अगं, तो त्याचा!" काटेल ओरडली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "रागावू नकोस हं. मी रोज जायचे वर. तो आपल्या मुलखाला सारखं ब्रिटनी ब्रिटनी म्हणायचा, म्हणून गळ्यात घातला. मग मी बरोब्बर नाव शिकवलं. खूप वेळ लागला बाई त्याला. खूण करून सांगितलं, आईला म्हणून दाखव, तिला आवडेल." तिनं वर पाहिलं. "आई, नीट म्हणाला ना गं तो?"