वरून परत आलेलं वाक्य

आभाळाच्या अगदी वरच्या थरातही वादळ होतं. त्यात ना वारा असतो ना पाऊस. विजेने भारलेले कण भोवऱ्यासारखे गरगरत राहतात. खाली लख्ख ऊन असतं, पण रेडिओवर बोललेले शब्द कधीकधी वर आपटून परत येतात.

म्हणून त्या दुपारी बंदराच्या रेडिओखोलीत ताई धाकट्या भावावर ओरडत होती, आणि तिचं ओरडणं तिलाच पुन्हा ऐकू येत होतं.

"गाढवा, होकायंत्र भरकटतंय तर बोट मागे फिरव ना!"

"...फिरव ना!" स्पीकर म्हणाला.

समुद्रावरून भाऊ हसला. "ताई, तू एकदा रागावतेस, मला दोनदा ऐकावं लागतं."

"चूप! अक्कल घरी विसरून गेलास का?"

हे वाक्य परतलं नाही. त्याऐवजी स्पीकरमधून, मागे बसलेल्या रेडिओखोलीच्या साहेबांचा आवाज आला, "पुरे आता, ताई." मग तिचाच आवाज, रडवेला, "बाळा, बोल ना रे."

ती गर्रकन वळली. "साहेब, हा काय चावटपणा?"

"मी तोंडही उघडलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

तिने माइक ओढला. "बाळा म्हणे! ऐकलंस का रे, गधड्या?"

समुद्रावरून नुसती खरखर आली.

ती भडकली. तिने त्याला माकड म्हटलं, घरात पाऊल ठेवू देणार नाही म्हणून बजावलं. घसा बसला तरी ती थांबेना. राग टिकेल तोवर ते अजून न बोललेलं रडवेलं वाक्य तिच्या तोंडून निघणार नव्हतं.

ऊन भिंतीवर चढलं. मागे खुर्ची सरकली, आणि या वेळी साहेब खरोखरच बोलले.

"पुरे आता, ताई."

तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.