संकटाची खूण

सन अठराशे बत्तीस. निवडणुकीच्या तोंडावर न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावाने घड्याळजी केलेबला चौकात गुडघ्यांवर बसवलं होतं. गुन्हा एवढाच, की तो फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकघरात, जायचा. शेजारी डांबर रटरटत होतं, अंगावर चिकटवायला पिसांची उशी फाडून ठेवली होती.

उमेदवार थॅडियस पिंपावर चढून गरजत होता, "न्यायाधीश यांचा, शेरीफही यांचाच! एकाने संकटात दोन्ही हात वर केले, की दुसरा शपथेला बांधलेला. जीव गेला तरी मध्ये पडणार! कर की रे केलेब ती खूण! बघू कोण येतंय धावून!"

लोक खदाखदा हसले. कुणी येणार नाही, हे केलेबला ठाऊक होतं. त्याचे लॉजबंधू केव्हाच गाव सोडून पळाले होते. तरी डांबराची बादली डोक्यावर आली, तसे त्याचे हात आपसूक वर गेले.

थॅडियसने पिंपावरून उडी टाकली आणि बादली धरणाऱ्याचं मनगट पकडलं.





मग लोहाराची म्हातारी म्हणाली, "थॅडियस, तू का रे धावलास?"